द्वारकाबाईंच्या रजईचा पांढरा चौकोन

सोमवार, ३ नोव्हेंबर

डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. शाळेतली नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, संपलं एकदाचं. आता सातवीच्या पोरांचे ऱ्हस्वदीर्घ नाहीत की पालकांच्या तक्रारी नाहीत. कापड, दोरा आणि मी. पुढच्या खोलीतला दिवाण काढला, श्रीकृष्णाचा टीव्ही आतल्या खोलीत ढकलला आणि हे भलंमोठं रजई शिवायचं मशीन आणून बसवलं. नवरा महिनाभर फुरंगटून होता, पण क्रिकेटची मॅच आतल्या खोलीतही दिसते म्हटल्यावर निवळला.

काम तसं सोपं आहे. लोकांनी हाताने तुकडे जोडून रजईची वरची बाजू आणायची. मी तिला कापसाचा थर आणि अस्तर लावायचं आणि तिन्ही थर मशीनने एकत्र शिवून द्यायचे. टॅबलेटवर नक्षी निवडली की मशीन आपोआप ती काढत जातं. नक्षी निवडणारी माणसं मात्र सोपी नसतात, हे मला मशीन विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

आज इथल्या इंदुरातल्या पलासिया भागातली रजयांची दुकानवाली सुरभी येऊन भांडून गेली. "मॅम, जो ट्रेंडिंग हो वो डाल दो," असं तीच म्हणाली होती. मग पिसांची नक्षी हवी म्हणाली. मी हात जोडून सांगितलं, बाई गं, तुझं कापड आधीच फुलाफुलांचं, त्यावर पिसं घातली तर एक पीस दिसायचं नाही. ऐकेल तर शपथ! आज सगळ्या रजया उलगडून विचारते कशी, "मॅम, डिझाइन दिखता क्यों नहीं?" काय बोलणार, कप्पाळ!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नवं गिऱ्हाईक. द्वारकाबाई, इथून जवळच्या देपालपूरच्या. वय सत्तरीच्या आसपास, होळकरांच्या पदरी असलेल्या सरदाराच्या घराण्यातल्या. हे त्यांनी चपला काढता काढताच सांगितलं. बसने आल्या, बरोबर मुगाच्या कचोऱ्या आणल्या. आणलेलं काम बघून मात्र मी हातातली कचोरी बाजूला ठेवली. जुन्या लुगड्यांचे बारीक बारीक त्रिकोण, हिरवे, जांभळे, हळदी, सगळे हाताने जोडलेले. एका कोपऱ्यात तेवढा मोठा पांढरा चौकोन, बाकी कुठे मोकळी जागा नाही. आमच्या साताऱ्याला वाकळ म्हणतात तिची आठवण झाली, पण वाकळीला एवढा नखरा नसतो.

रजई मुलीसाठी आहे. मुलीचं नाव रुपाली. आठ वर्षांनी माहेरी येतेय, ख्रिसमसच्या सुट्टीत. "तिच्या लग्नात रजई राहून गेली. आता ती येईल तेव्हा तय्यार पाहिजे, यशोधराजी. बाकी काही नाही झालं तरी चालेल," म्हणाल्या. आठ वर्षं का आली नाही ते मी विचारलं नाही. मला नक्षी ठरवायची होती.

त्रिकोण सगळे टोकदार, म्हणून वरून गोलाईची नक्षी हवी, म्हणजे डोळ्यांना टोचत नाही. मी लहरी दाखवल्या. त्यांनी टॅबलेट नाकाशी धरून खूप वेळ पाहिल्या.

"चांगल्या आहेत. पण रुपाली पाण्याला घाबरते. लहानपणी आमच्या तिथल्या गंभीर नावाच्या नदीवर नेलं तो जो बोंबलली!"

"काकू, ही रजई आहे. पोहायला नाही जायचंय हिच्यावर."

"हां, पण आता नसेल घाबरत. आता कदाचित आवडत असेल. तुम्हाला काय वाटतं?"

मला! मी तिला जन्मात पाहिलेली नाही!

ठरलं काहीच नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. मी म्हटलं फोटो पाठवते मोबाइलवर. तर म्हणे, मोबाइलवर मला समजत नाही, बसचं काय, अर्ध्या घंट्याला बस आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आल्या. वेलीची नक्षी दाखवली, पानं आणि तणाव्यांची. मी स्वतः कागदावर काढून त्रिकोणांवर ठेवून दाखवली. इतकी सुरेख बसत होती की मला वाटलं झालं काम. द्वारकाबाईंनी बोटाने वेल अशी शेवटपर्यंत गिरवली आणि कागद बाजूला सारला.

"वेल नको. तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर अशीच होती."

"मग चांगलंच की!"

"पत्रिका पोस्टाने आली होती," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पोस्टाने येऊ दे की कुरिअरने, वेल ती वेल. चहा पितात बशीत ओतून, सावकाश, आणि इकडे सुरभीची नवी रजई मशीनवर अर्धवट ताणलेली. चहा संपल्यावर म्हणाल्या, "त्यांनी जायचं नाही म्हटलं, तो मीपण नाही गेले." त्यांनी म्हणजे त्यांच्या यजमानांनी. ते वारले दोन वर्षांपूर्वी. मी "अरेरे" म्हटलं आणि गोल गोल भिंगऱ्यांची नक्षी दाखवली. ती बघून त्यांना चक्कर येते.

या इंदूरच्या लोकांच्या मराठीने एक दिवस माझा जीव जाणार आहे. "तो मी नाही गेले." 'तो' कोण? बावीस वर्षं मी या गावात "तर" म्हणा, "तर" म्हणा करत राहिले. श्रीकृष्ण म्हणतो, "अगं सोड ना, लोग समझ लेते हैं." समजतात, पण आपण शुद्ध बोललो तर जीभ झडते का?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज खवल्यांची नक्षी. कमानीवर कमान, एकावर एक. जुनी, भारदस्त नक्षी, लुगड्यांना शोभणारी. द्वारकाबाई पहिल्यांदाच खूश दिसल्या. आता हो म्हणणार, तेवढ्यात विचारलं, "याला काय म्हणतात?"

आणि मी मूर्ख! "खवले," म्हटलं.

"माशाचे?"

"म्हणजे, तसे दिसतात म्हणून."

"अरे बाप रे! नको. जावई जैन आहेत."

मी डोक्याला हात लावला. "काकू, शंख म्हणा. कमानी म्हणा. मोराचा पिसारा म्हणा हवं तर!"

"आपण काहीपण म्हटलं तरी खवलेच ना ते. पहिल्यांदा येत आहेत जावई. आणि त्यांनी ओळखलं तर? म्हणतील, अजून चिडवत आहेत हे लोक."

मला हसू आलं आणि रागही आला. कोणता जावई रजईवरच्या शिलाईचं नाव विचारतो? आमचा श्रीकृष्ण अजून उशीच्या अभ्र्याला 'खोल' म्हणतो. पण बाई ऐकेनात. मग म्हणे, "तुमच्याकडे असं काही नाही का, ज्याला नावच नाही?"

म्हटलं, आहे. मशीन शिकताना सगळ्यांत आधी शिकवतात ती नक्षी. नुसती वळणं, कुठेही फिरणारी, कशासारखीही न दिसणारी. आळशी लोकांची नक्षी. ती त्यांना पसंत पडली. एवढ्या सुंदर हातकामाला ही नक्षी! पण गिऱ्हाईक आहे, करते काय. शिवाय खरं सांगायचं तर त्रिकोणांवर ती वाईट दिसत नाही, मऊ दिसते. हे मी त्यांना बोलले नाही.

जाता जाता दारातून परत आल्या. "आणि हा सफेद चौकोन खाली ठेवा हं. विसरू नका."

ठेवते म्हटलं. रजईला वर आणि खाली अशा बाजू असतात एवढं तरी कळतं बाईंना. पांढरी बाजू डोक्याकडे आली तर तेलाने मळते. पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोलल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

राजवाड्याच्या बाजारात जाऊन अस्तर आणलं, जांभळं. ऑटोवाल्याशी भांडण, दुकानदाराशी भांडण, मला न्यायला गाडी घेऊन आलेल्या श्रीकृष्णाचं पार्किंगवाल्याशी भांडण. "क्यों भिया, गाडी सर पे रख लूं क्या?" म्हणाला. अस्तर मात्र छान मिळालं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

द्वारकाबाईंची रजई मशीनवर चढवली. पांढऱ्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचली: 'ही बाजू खाली, पायाकडे.'

वळणं काढत मशीन निघालं. दुपारपर्यंत त्रिकोण संपत आले आणि मी त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसले. त्यावर पण हीच आळशी वळणं घालायची? सगळ्या रजईत नक्षी उठून दिसेल अशी ही एकच जागा. सुरभीच्या फुलांत माझी पिसं बुडाली, इथे बुडणार नाहीत. शिवाय एवढा मोठा तुकडा शिवल्याशिवाय सोडला तर आतल्या कापसाच्या गुठळ्या होतात. मी पिसांचं वर्तुळ घातलं, गच्च, मध्ये बारीक चौकटी, दोरा चंदेरी. जीव ओतला. या मशीनवर आजवर इतकं सुंदर काम झालेलं नाही. फोटो काढले. द्वारकाबाई खूश होतील. त्यांना आधी सांगणार नाही, येतील तेव्हाच बघू देत.

सोमवार, १ डिसेंबर

काय लिहू.

द्वारकाबाई आल्या. मी रजई दिवाणखान्यात पसरून ठेवली होती, पांढरा कोपरा पुढे करून. त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता कौतुक करणार.

"हे काय केलं? मी खाली ठेवायला सांगितला होता ना!"

"खालीच ठेवलाय की! हे बघा, चिठ्ठीसुद्धा आहे. पायाकडे."

"पायाकडे कशाला? खाली! खाली!"

"अहो काकू, खालीच आहे!"

"खाली म्हणजे खाली, ताई! रिकामा! त्यात काही नाही घालायचं!"

आम्ही दोघी एकमेकींवर खाली-खाली ओरडत होतो. श्रीकृष्ण आतून धावत आला, त्याला वाटलं कोणी जिन्यावरून पडलं. त्याला कळलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. "यशू, रोज ऑटोवाल्याला विचारतेस ना, खाली है क्या?"

ते हिंदीत विचारते! मराठीत खाली म्हणजे खाली! कोणताही शब्दकोश काढा!

असं मी त्याला मोठ्याने सुनावलं आणि मग मला द्वारकाबाई दिसल्या. जमिनीवर बसल्या होत्या, चौकोनावर तळवा ठेवून. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या घरात मुलीच्या रजईत सगळ्या बायका मिळून काम करतात, पण एक चौकोन मोकळा सोडतात. तो ती मुलगी स्वतः शिवते. सासरी जायच्या आधी, आईसमोर बसून, हाताने. कशीही शिवली तरी चालते, वेडीवाकडी. "आईने जागा ठेवली, मुलीने टाके घातले, मग रजई पुरी झाली असं मानतात," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी जागाच नाही राहिली, यशोधराजी."

हे आधी नाही का सांगायचं? इतक्या वेळा आल्या, नदी सांगितली, पत्रिका सांगितली, जावयाचे मासे सांगितले! मला इतका राग आला की मी रडले. राग त्यांचा नव्हता, पण समोर त्याच होत्या.

मी म्हटलं पांढरा तुकडा बदलून देते. तर तो रुपालीच्या कॉलेजच्या ओढणीचा आहे. दुसरा तुकडा नाही. घर सोडून गेली तेव्हा दोरीवर वाळत राहिलेली ओढणी.

म्हटलं, उसवते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

उसवतेय. ज्या शहाण्या बाईने इतके गच्च टाके घातले तिला शोधून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. ओढणीचं कापड जुनं, विरलेलं. जोर लावला तर फाटेल, नाही लावला तर दोरा निघत नाही. सुरभीचे तीन फोन. तिला म्हटलं मशीन बंद आहे. ती म्हणाली, "मॅम, आवाज तो आ रही है." आवाज मिक्सरचा होता.

मंगळवार, ९ डिसेंबर

सगळं निघालं. आता पांढऱ्यावर पिसांच्या जागी नुसत्या भोकांची रांगोळी. पाण्याचा हबका मारून नखाने हळूहळू घासलं, की धागे परत जवळ येतात. श्रीकृष्णही घासत बसला ऑफिसातून येऊन, ओठ दुमडून, जसा काही त्याचाच अपराध. एक पीस जरा दिसतं अजून, तिरप्या उजेडात. कापसाच्या गुठळ्या होतील तर होवोत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

द्वारकाबाई रजई घेऊन गेल्या. चौकोन उजेडाला धरून पाहिला. मग पिशवीतून भुट्ट्याचा कीस काढला, डब्यात, अजून गरम. मी म्हटलं, काकू, मला याच्याऐवजी शिव्या मिळायला हव्यात. म्हणाल्या, "शिव्या पुढच्या वेळी."

रुपाली सत्तावीसला येतेय. मला म्हणाल्या, सुई कोणती देऊ तिला, मोठ्या नेढ्याची बरी ना? मी माझ्या डबीतली दिली.

मंगळवार, ३० डिसेंबर

काही कळवलं नाही. एक फोन करायला काय होतं? मी उगाच सारखा फोन बघतेय. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडींत आपण पडू नये. श्रीकृष्ण म्हणतो, "तू फोन कर ना." मी कशाला करू? मला काय पडलंय!

केला. उचलला नाही.

शुक्रवार, २ जानेवारी

द्वारकाबाई आल्या, हातात पिशवी, पिशवीत रजई. मी दारातच विचारलं, "आली नाही का?"

"आली ना. जावईपण आले. चहा घेतला, दोन घंटे बसले. चांगला आहे मुलगा. माझ्या पाया पडला."

"रजई दाखवली?"

"दाखवली. आई, तू केलीस? म्हणाली. सगळीकडून हात फिरवला. मग मी सुई दिली." त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या. "म्हणाली, चष्मा गाडीत राहिला."

"मग आणायचा! गाडी काय भोपाळला उभी होती?"

"नाही, दारातच होती."

मी काहीतरी बोलणार होते रुपालीबद्दल, चांगलं नव्हतं ते, जीभ चावली. रजई तिने नेली नाही. विमानात सामानाचं वजन जास्त होत होतं म्हणे. द्वारकाबाईंनी ती माझ्या मशीनवर ठेवली आणि पांढरा कोपरा वर काढला. कोरा होता.

"आता हा भरून द्या. ती पिसं चांगली होती तुमची, मीच तेव्हा उगाच ओरडले. ती घाला. नाही तो कोणतीपण घाला, मला काही नाही."

इतके दिवस या बाईने माझं रक्त आटवलं. लहरी नको, वेल नको, खवले नको. आणि आता कोणतीही चालेल! मी म्हटलं, मी नाही घालणार.

"पैसे देते ना मी."

"पैशाचं नाही."

"मग कशाचं?"

"मी नखं झिजवून उसवलंय ते! परत घालायला उसवलं का?" मी ओरडले. ओरडून मला लाज वाटली. श्रीकृष्ण आतून बाहेर यायला निघाला होता, मी त्याला डोळ्यांनी परत पाठवला.

"घरात अशी अर्धी ठेवायला नको वाटतं," त्या म्हणाल्या. "आल्या गेल्याला दिसते."

"जाताना काही बोलली का ती? काहीतरी बोलली असेलच ना."

"बोलली. उन्हाळ्यात बघू म्हणाली."

"मग! उन्हाळ्यात येणार आहे ती!"

द्वारकाबाई हसल्या, पण ते हसणं बघवेना. "'बघू' म्हणाली, यशोधराजी. तुम्ही तो मराठीच्या टीचर. आमची मराठी खिचडी. तुम्हीच सांगा, 'बघू' म्हणजे काय?"

बघू म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. बावीस वर्षं मी या गावाला शब्दांचे बरोबर अर्थ सांगत आले, कोणी विचारलं नाही तरी. आज पहिल्यांदा कोणीतरी आपणहून विचारलं.

मी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "काकू, नीट ऐका. एकटीचं असतं तर ती 'बघेन' म्हणाली असती. बघेन म्हणजे मी, एकटी. 'बघू' हे अनेकवचन आहे. बघू म्हणजे आपण. तुम्ही आणि ती, दोघींनी मिळून."

"दोघी?"

"दोघी. आणि भविष्यकाळ. म्हणजे होणार."

"असं आहे? व्याकरणात?"

"व्याकरणात आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काय करतेय ते त्यांना कळलं. मग त्यांनी रजईची घडी घातली, पांढरा कोपरा आत घेऊन, आणि घडीवर हात ठेवून हळूच दोनतीनदा म्हणून पाहिलं, "बघू. बघू." मी शिकवलं होतं तसं, दोघींचं.